डिशवॉशरची सायकल कशी निवडायची: भांडी मोजू नका, खरकटं बघा

डिशवॉशर घरी आल्यावर पहिले पाच-सहा महिने आम्ही त्याचं एकच बटण वापरलं, ३० मिनिटांचं. बाकीची बटणं शोभेला होती. अर्ध्या तासात भांडी निघत असतील तर तीन तास कोण थांबणार, असा साधा हिशोब. मग हळूहळू चमच्यांवरून अंगठा फिरवला की ओशट लागायला लागलं. पेले उजेडात धरले की धुरकट दिसायचे. एक दिवस दार उघडल्यावर असा वास आला की मी तळातला फिल्टर फिरवून बाहेर काढला. त्याच्या खाली पिवळट, मेणासारखा चरबीचा थर बसला होता, नखाने खरवडला तर नखात भरेल इतका. मशीन बिघडलं नव्हतं. त्या बिचाऱ्याला इतके महिने आम्ही कोमट पाण्यात तेल-लोणी धुवायला लावलं होतं.

त्यानंतर मशीनसोबत आलेली पुस्तिका शेवटपर्यंत वाचली आणि सगळ्या सायकली, म्हणजे धुण्याचे वेगवेगळे कार्यक्रम, एकेक करून लावून पाहिल्या. चूक कुठे होत होती ते तेव्हा कळलं. आपण सायकल निवडतो ती हातात किती वेळ आहे आणि ट्रे किती भरलाय यावरून. मशीनला या दोन्हींशी फारसं देणंघेणं नसतं. त्याच्या लेखी प्रश्न तीनच: भांड्याला काय चिकटलंय, कधीपासून चिकटलंय, आणि आत बसलेल्यांत सगळ्यांत नाजूक कोण आहे. या तिन्हींची उत्तरं असली की बटण आपोआप ठरतं.

## आत नेमकं काय चालतं

दार लावल्यावर मशीन आधी बिनतापवलेल्या किंवा कोमट पाण्याने भांडी विसळतं आणि ते पाणी फेकून देतं. मग नवीन पाणी घेऊन तापवतं, दारातला डिटर्जंटचा कप खट्कन उघडतो आणि मुख्य धुणं सुरू होतं. पुढे एक-दोनदा साध्या पाण्याने खळबळणं, मग रिन्स एड (भांडी लवकर वाळावीत म्हणून घालायचा द्रव) घातलेलं गरम पाणी, आणि शेवटी वाळवणं. जवळपास प्रत्येक सायकल याच टप्प्यांची असते. कुठला टप्पा लांबवला, कुठला गाळला आणि पाणी किती तापवलं, एवढाच काय तो फरक.

दुसरी गोष्ट, मशीन आत पाण्याचा हौद भरत नाही. एका वेळी जेमतेम तीन-चार लिटर पाणी घेतं आणि तेच गाळून गाळून पंपाने पुन्हा भांड्यांवर मारत राहतं. फिल्टर तुंबला, भांड्यांबरोबर खरकट्याचे गोळे आत गेले किंवा फेस झाला, की अख्खी सायकल का बिघडते ते यावरून लक्षात येईल.

हेंकेल कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये धुण्याचं सगळं गणित एका वर्तुळात मांडलं. वर्तुळाचे चार वाटेकरी: डिटर्जंट, तापमान, वेळ आणि घासणारा जोर. एकाचा वाटा कमी केला की दुसऱ्याचा वाढवावा लागतो. हाताने घासताना आपण जोर वापरतो, म्हणून पाणी कोमट असलं तरी चालतं. मशीनकडे घासणी नाही, फक्त फवारा आहे. त्यामुळे उरलेली कसर त्याला उष्णतेने, डिटर्जंटने किंवा वेळेने भरून काढावी लागते.

पहिल्यांदा वापरणाऱ्याला सगळ्यांत चक्रावून टाकणारी गोष्टही इथेच सुटते. तीन-चार तास चालणारी इको सायकल कमी वीज कशी खाते? डिशवॉशरमध्ये विजेचा मोठा वाटा पाणी तापवण्यात जातो, पंप फिरवायला त्या मानाने थोडी लागते. इको सायकल तापमान उतरवते आणि भांडी डिटर्जंटच्या पाण्यात जास्त वेळ भिजत ठेवते. भिजत घातलेलं भांडं कमी घासावं लागतं, हे आपल्याला सिंकपाशी माहीतच असतं.

## पहिलं काम: खरकटं ओळखा

पिठूळ गोष्टी, म्हणजे भात, पास्ता, बटाटा, दलियासारखी लापशी, ताज्या असताना निरुपद्रवी दिसतात आणि वाळल्या की सिमेंट होतात. डिशवॉशरच्या डिटर्जंटमध्ये अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, ते स्टार्च तोडतं. प्रथिनं तोडायला प्रोटिएज असतं. ही एन्झाइम्स साधारण ४० ते ६० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात चांगलं काम करतात आणि त्यांना वेळ लागतो. पाणी फार लवकर फार गरम झालं तर ती निकामी होतात. म्हणून वाळलेल्या भाताच्या ताटलीला ७० अंशांच्या पाण्याची गरज नसते. तिला ५० अंशांवर दीड-दोन तास द्या. हे काम इकोचं.

अंडं ही वेगळीच जात. काट्याच्या दातांमध्ये वाळलेला पिवळा बलक कोणी नखाने काढून पाहिला असेल तर त्याला सांगायला नको. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतो, बलक त्याहून थोडा वर. अशा काट्यावर एकदम कढत पाणी ओतलं तर आपण ते अंडं काट्यावरच उकडतो. अंड्याची आणि दुधाची भांडी आधी विसळायचीच असतील तर गार पाण्याने विसळा. मशीनमध्येही थंड सुरुवात करून हळूहळू तापणारी सायकल त्यांना मानवते. म्हणून अंड्याच्या भांड्यांना ‘जास्त खराब, म्हणजे इंटेन्सिव्ह (सगळ्यांत कडक, गरम सायकल)’ असं डोळे झाकून लावू नका.

तेलकटपणाचं गणित याच्या उलट. लोणी आणि इतर घट्ट चरबी वितळल्याशिवाय हलत नाही, आणि वितळलेली चरबी थंड पाण्यात पुन्हा थिजते. ओव्हनचा ट्रे, तळणीची पातेली, चरबीचा थर बसलेले झारे यांना ६५-७० अंश लागतात.

चहा-कॉफीचे कपातले तपकिरी वळसे हा मळ नसून रंग असतो. तो एन्झाइमला दाद देत नाही, त्याला ब्लीच लागतं. पावडर आणि टॅब्लेटमध्ये ऑक्सिजन सोडणारं ब्लीच घातलेलं असतं. जेलमध्ये ते सहसा नसतं, कारण ओल्या डिटर्जंटमध्ये ब्लीच आणि एन्झाइम शेजारी-शेजारी टिकत नाहीत. तेव्हा कप पांढरे होत नसतील तर सायकल बदलण्याआधी जेल सोडून पावडर किंवा टॅब्लेट वापरून पाहा.

राहिलं करपलेलं. कोळसा झालेला थर कुठलीही सायकल काढत नाही. कोमट पाण्यात थोडं डिटर्जंट टाकून भांडं तासभर भिजवा, लाकडी उलथन्याने मोठे पोपडे काढा आणि मग मशीनमध्ये टाका. इंटेन्सिव्हवर दोनदा फिरवून वीज जाळण्यापेक्षा हे सोपं.

आता ‘कधीपासून’ हा प्रश्न. तीच ताटली जेवण झाल्याझाल्या आत गेली तर तासाभराच्या सायकलीत निघते आणि रात्रभर ओट्यावर राहिली तर इको किंवा त्याहून वरचं काही मागते. मशीन लगेच लावायचं नसेल तरी भांडी आत लावून दार मिटून ठेवा. आत दमटपणा राहतो, खरकटं तितकं कडक होत नाही.

## विसळू नका, निपटून टाका

भांडी नळाखाली स्वच्छ धुऊन मग डिशवॉशरमध्ये लावणारी माणसं मी पाहिली आहेत. मीही त्यातलाच होतो. यात पाणी तर जातंच, शिवाय ऑटो सायकलची फसवणूक होते. ऑटोमध्ये एक सेन्सर धुण्याच्या पाण्यातून प्रकाश सोडतो आणि पाणी किती गढूळ झालंय ते बघून पुढचं तापमान, वेळ आणि पाणी ठरवतो. आपण आधीच विसळलेली भांडी लावली की पाणी स्वच्छ दिसतं, मशीन सौम्य धुणं ठरवतं, आणि काट्याच्या दातांत राहिलेलं अंडं तिथेच राहतं. हाडं, साली, बिया, भाताचे ढीग, कागदाचे तुकडे, बरण्यांवरची लेबलं काढून टाका. पातळ थर राहू द्या, डिटर्जंटला तो लागतोच.

## दुसरं काम: नाजूक वेगळं काढा

सायकल निवडण्याआधी काही भांड्यांना बाहेरच ठेवायचं असतं. बिडाच्या भांड्याचा तेल मुरवून बनवलेला थर उतरतो आणि गंज चढतो. लाकडी पाट्या आणि उलथनी फुगून तडकतात. साधं अ‍ॅल्युमिनियम डिटर्जंटच्या अल्कलीने काळं पडतं आणि हाताला करडा रंग सोडतं. तांब्या-पितळेची झळाळी जाते. धारदार सुऱ्यांची धार बोथट होते, शिवाय सगळ्यांबरोबर खणखणतात. पोकळ भिंतीच्या थर्मासची सील बिघडू शकते. नॉनस्टिकवर ‘डिशवॉशर सेफ’ लिहिलेलं असलं तरी मी ते हातानेच धुतो. कोटिंगचं आयुष्य वाढलेलं मला दिसलंय, आणि ते धुवायला वेळ तरी किती लागतो!

उरलेल्यांत एकच नियम: सायकल ठरवताना सगळ्यांत खराब भांड्याकडे न बघता सगळ्यांत नाजूक भांड्याकडे बघायचं. करपलेला ट्रे आणि पातळ दांड्याचे पेले एकाच फेरीत असतील तर ट्रे बाहेर काढून भिजत टाका आणि पेल्यांच्या मापाची सायकल लावा. ट्रे उद्याही निघेल. काच एकदा गेली की गेली.

काही मशीनमध्ये फक्त खालच्या ट्रेला जास्त जोर आणि जास्त तापमान देणारा पर्याय असतो. खाली पातेली, वर पेले अशी मिश्र भरणी रोजचीच असेल तर हे बटण सोन्याचं. मशीन घेताना मी याला अ‍ॅपवरून चालू करण्याच्या सोयीपेक्षा जास्त गुण देईन.

## तिसरं काम: बटण

इको रोजच्यासाठी. तापमान ५० अंशांच्या आसपास, वेळ तीन ते चार तास, पूर्ण आकाराच्या आजच्या मशीनमध्ये पाणी साधारण नऊ-दहा लिटर आणि वीज एका युनिटच्या आतबाहेर. पूर्ण भरलेलं मशीन, नेहमीची ताटल्या-वाट्या-पेल्यांची सरमिसळ, वाळलेलं पिठूळ खरकटं: डोळे मिटून इको. युरोपात नवी मशीन चालू केल्यावर इकोच आधी निवडलेलं असावं असा नियम आहे, आणि १ मार्च २०२१ पासूनच्या तिथल्या ऊर्जा लेबलवरचा आकडा इकोच्या १०० फेऱ्यांचा असतो. म्हणजे लेबलवर दिसणारी बचत इतर बटणं दाबून मिळत नाही. इकोची एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. शेवटचं पाणी फारसं गरम नसतं, त्यामुळे भांडी थोडी ओलसर निघतात. त्याचा उपाय पुढे येतोच.

ऑटो ही आळशी माणसाची आणि पाहुणे येऊन गेल्यानंतरची सायकल. साधारण ४५ ते ६५ अंशांच्या पट्ट्यात मशीन स्वतः ठरवतं. खरकटं किती आहे याचा अंदाज येत नसेल, काही ताटल्या स्वच्छ तर काही चिकट असतील, तेव्हा हीच लावा. सेन्सरला गढूळपणा दिसतो, पण एखाद्या कोपऱ्यात करपलेला डाग दिसत नाही, एवढं लक्षात ठेवा.

इंटेन्सिव्ह ७० अंशांच्या आसपास जाते, विसळण्याचा टप्पाही बहुधा गरम असतो, आणि पाणी-वीज दोन्ही सढळ वापरते. पातेली, ओव्हनची भांडी, चरबी. स्टील, जाड काच आणि जाड चिनीमातीसाठी ठीक. आत प्लास्टिकचे डबे, चकाकीवर नक्षी काढलेली क्रोकरी किंवा पातळ पेले असतील तर नको. तरीही महिन्यातून एक-दोनदा एखादी कडक सायकल व्हायलाच हवी. कायम कमी तापमानावर चालणाऱ्या मशीनच्या तळात आणि निचऱ्याच्या नळीत चरबी साचते. आमच्या फिल्टरखालचा तो थर आठवा.

ग्लास किंवा डेलिकेट साधारण ४० अंशांवर, हलक्या जोराने चालते. हिच्याविषयी जरा थांबून सांगतो, कारण इथे होणारं नुकसान भरून येत नाही.

पेले धुरकट होण्याची कारणं दोन आणि वरून ती सारखीच दिसतात. ओळखायचं असं. धुरकट पेल्यावर एका जागी व्हिनेगर चोळा आणि पुसा. तेवढा ठिपका लख्ख झाला तर ते पाण्यातले क्षार आहेत. सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवा, जातील. ठिपका तसाच राहिला, बोटाला किंचित खरखर लागली किंवा उजेडात इंद्रधनुषी झाक दिसली तर काच झिजलीये, तो धूसरपणा आता काचेचाच भाग आहे. फार मऊ पाणी, जास्त डिटर्जंट आणि जास्त उष्णता ही तिन्ही एकत्र आली की काचेच्या पृष्ठभागातले घटक विरघळून निघून जातात. सॉल्ट (पाणी मऊ करण्यासाठी मशीनमध्ये भरायचं मीठ) आणि क्षारांची सेटिंग गरजेपेक्षा जास्त ठेवणाऱ्यांकडे हे हमखास होतं. चांगल्या पेल्यांना ४० अंश, मोजकं डिटर्जंट, एकमेकांना न टेकणारी जागा, आणि सायकल संपल्यावर लगेच दार उघडून वाफ बाहेर जाऊ द्यायची.

क्विक नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक ३० मिनिटांची, ४५ अंशांच्या आसपासची. ती नुकत्याच वापरलेल्या, थोड्याच खराब झालेल्या, शक्यतो अर्ध्याच भरलेल्या मशीनसाठी. पाण्याचे पेले, कोरड्या खाऊच्या बशा, सणासुदीला बऱ्याच दिवसांनी कपाटातून काढलेली क्रोकरी. तिच्यात विसळण्याचा टप्पा बहुतेक नसतो आणि वाळवणं तर नसतंच. दुसरी तासाभराची, ६० ते ६५ अंशांची. ती खरोखर धुते, फक्त वेळेचा वाटा उष्णतेवर टाकते. घाई असेल तर ही दुसरी घ्या. पहिलीला ‘घाईची सायकल’ समजणं हीच आमची जुनी चूक.

प्री-रिन्सला सायकल म्हणणं थोडं जास्तच. दहा-पंधरा मिनिटं थंड पाणी, डिटर्जंट नाही. दोन माणसांच्या घरात मशीन भरायला दोन-तीन दिवस लागत असतील तर रोज रात्री ही लावा म्हणजे वास येत नाही. टॅब्लेट टाकू नका, वाया जाईल.

अर्धी भरणी हा पर्याय नावामुळे फसवतो. भांडी निम्मी म्हणून पाणी आणि वीज निम्मी लागत नाही, थोडीशीच वाचते. दोन अर्ध्या फेऱ्या एका पूर्ण फेरीपेक्षा महागच पडतात. थांबता येत असेल तर थांबा.

## वरची छोटी बटणं

मुख्य सायकलीला जोडायच्या पर्यायांपैकी वेळ कमी करणारं बटण सगळ्यांत मोहात पाडतं. ते मळ काढण्यात तडजोड करत नाही, पण बदल्यात पाणी आणि वीज वाढवतं. पुन्हा सिनरचं वर्तुळ. इकोवर हे बटण दाबलं तर इको नावापुरतंच उरतं.

हायजीन किंवा सॅनिटाइझ शेवटचं पाणी जास्त तापवून तसंच काही वेळ ठेवतं. अमेरिकेतल्या एनएसएफ/एएनएसआय १८४ या मानकानुसार घरगुती डिशवॉशरला असा दावा करायचा असेल तर शेवटच्या पाण्याचं तापमान किमान १५० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ६५.५ सेल्सिअस व्हावं लागतं आणि ९९.९९९ टक्के जिवाणू कमी व्हावे लागतात. बाळाच्या बाटल्या, कच्चं मांस कापलेली प्लास्टिकची पाटी, घरात कोणी आजारी असताना: एवढ्यासाठी ठीक. रोज दाबण्याचं कारण नाही.

एक्स्ट्रा ड्राय शेवटच्या पाण्याचं तापमान वाढवतं. तापलेली भांडी स्वतःच्या उष्णतेने पाणी उडवतात, हे वाळवण्याचं मुख्य तत्त्व. जाड चिनीमाती भरपूर उष्णता धरते म्हणून कोरडी निघते, आणि प्लास्टिकचा डबा लगेच थंड होतो म्हणून ओला राहतो. तो डबा सायकलचा दोष नाही, पुसून ठेवा. मशीन आपणहून दार किलकिलं करत नसेल तर सायकल संपल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी आपण करायचं. इकोच्या ओलसरपणावर रिन्स एड आणि उघडं दार एवढे दोन उपाय पुरतात. रिन्स एडमुळे पाण्याचे थेंब न होता पातळ पडदा होऊन ते घसरून जातं.

## डिटर्जंट सायकलशी जुळलं पाहिजे

३० मिनिटांच्या सायकलीनंतर मला एकदा कपात अर्धी टॅब्लेट मिळाली होती. अंघोळीच्या साबणाची उरलेली चकती कशी दिसते तशी, पिचपिचीत. टॅब्लेट विरघळायला वेळ लागतो आणि छोट्या सायकलीकडे तोच नसतो. तिथे पावडर किंवा जेल वापरा. इको, ऑटो, इंटेन्सिव्हला टॅब्लेट उत्तम.

टॅब्लेट कपातच ठेवा, चमच्यांच्या टोपलीत नाही. बाहेर ठेवली तर पहिल्या विसळण्यातच विरघळून गटारात जाते आणि मुख्य धुणं नुसत्या पाण्याने होतं. कप कोरडा असला पाहिजे, हातही. उशिरा सुरू होणारा टायमर लावणार असाल तर हे विशेष पाहा.

पावडर वापरणाऱ्यांसाठी एक युक्ती. फार तेलकट भरणी असेल आणि सायकलीत विसळण्याचा टप्पा असेल, तर चमचाभर पावडर दाराच्या आतल्या बाजूला, कपाबाहेर टाका. पहिल्याच पाण्यात बरीचशी चरबी सुटते आणि मुख्य धुण्याचं डिटर्जंट ताज्या दमाने कामाला लागतं.

भांडी घासायचा साधा लिक्विड सोप मात्र थेंबभरही नको. फेसाने पंपाला पाणी मिळत नाही, फवाऱ्याचा जोर जातो आणि फेस दारातून जमिनीवर येतो.

पाणी जड असेल तर कुठलीही सायकल पांढरे डाग सोडणार. मशीनमधली रेझिन पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते आणि सॉल्ट तिला पुन्हा ताजं करतं. पाण्याची जडता मोजून तेवढीच सेटिंग ठेवा. खायचं मीठ चालत नाही, बारीक दाणे गोळा होऊन बसतात. आणि सॉल्ट भरायचं ते सायकल सुरू करण्याच्या अगदी आधी, म्हणजे सांडलेलं मिठाचं पाणी तळातल्या स्टीलवर पडून राहत नाही.

## लावणी चुकली की बटण बरोबर असून उपयोग नाही

१८८६ मध्ये जोसेफिन कॉक्रन यांना ज्या भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं, त्यातही भांड्यांच्या मापाचे तारांचे कप्पे आणि पाण्याचा जोर हीच कल्पना होती. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, मुद्दा तोच आहे: फवारा पोचला पाहिजे.

खाली मोठं आणि जास्त खराब, तोंड खाली आणि थोडं तिरपं. वर पेले, कप, वाट्या, प्लास्टिक. चमचे एकमेकांच्या कुशीत झोपले तर मधला चमचा जसाच्या तसा निघतो, म्हणून काही उलटे, काही सुलटे. लावून झालं की वरचा आणि खालचा स्प्रे आर्म, म्हणजे पाणी फवारणारा फिरता दांडा, हाताने एकेकदा फिरवा. एखाद्या झाऱ्याच्या दांड्याला अडकला तर तिकडचा अर्धा ट्रे कोरडाच राहतो. आणि उंच ट्रे किंवा मोठी थाळी दाराच्या बाजूला, डिटर्जंटच्या कपासमोर ठेवू नका. कपाचं झाकण उघडत नाही. इंटेन्सिव्ह लावूनही भांडी मळकी आणि कपात अख्खी टॅब्लेट, हा प्रकार आमच्याकडे दोनदा झाल्यावर कारण लक्षात आलं.

चुकून भलतंच बटण दाबलं गेलं तर पहिल्या काही मिनिटांत रद्द करून बदला. कप एकदा उघडला की डिटर्जंट पाण्यात गेलेलं असतं. तेव्हा रद्द करून पाण्याचा निचरा होऊ द्यायचा आणि नवं डिटर्जंट टाकूनच पुन्हा सुरू करायचं.

## निघालेली भांडी काय सांगतात

सगळ्यांवर बारीक वाळूसारखे कण: सायकलीत दोष नाही, फिल्टर तुंबलाय किंवा नीट बसला नाही. आठवड्यातून एकदा नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने घासा. फक्त वरच्या ट्रेतली भांडी खराब: वरच्या स्प्रे आर्मची भोकं बघा, एखादी बी किंवा लेबलचा तुकडा अडकलेला असतो, टूथपिकने निघतो. बोटाला ओशट: तापमान कमी पडलं, एक पायरी वर चढा. वाळलेला भात तसाच: तापमानाऐवजी वेळ वाढवा, क्विकवरून इकोवर या. भांड्यांवर डिटर्जंटची पांढरी भुकटी: सायकल आखूड होती किंवा कपासमोर काहीतरी होतं. सगळं ठीक आणि तरी वास: मशीन रिकामं ठेवून, मशीन क्लीनर टाकून, सगळ्यांत गरम सायकल लावा. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा पुरे.

आणि भांडी काढताना खालचा ट्रे आधी रिकामा करा. वरच्या कपांच्या बुडाशी खळग्यात पाणी साचलेलं असतं. ट्रे ओढला की ते सगळं खालच्या कोरड्या ताटल्यांवर सांडतं.